‘बिलव्हेड’चे अध्यापन : गुलामगिरी, स्मृती व मातृत्व (जव्हार–मोखाडा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन (१९३१–२०१९) यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. १९८८ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९३ साली मॉरिसन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका होत. तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांत या कादंबरीचे अध्ययन-अध्यापन होत आले आहे. गुलामगिरी, स्मृती आणि मातृत्व ही तिची तीन प्रमुख आशयसूत्रे समीक्षकांनी सविस्तर उलगडून दाखविली आहेत. त्यामुळे या सूत्रांची केवळ पुनरुक्ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही.

प्रस्तुत लेखात विचारात घेतलेला प्रश्न वेगळा आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी या समाजांची वस्ती मोठी आहे. येथील महाविद्यालयीन वर्गात बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने वेठबिगारी पाहिलेली वा भोगलेली आहे. अशा वर्गात ‘बिलव्हेड’ कशी शिकवावी? ती दूरदेशीची कथा म्हणून शिकविली तर तिचा अर्थ हरवतो. ती ‘तुमचीच कथा’ म्हणून शिकविली तर विद्यार्थ्याच्या घरातील दुःख त्याच्या परवानगीवाचून फळ्यावर येते. या दोन टोकांच्या मधला मार्ग खुद्द कादंबरीनेच दाखविला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून त्याचे विवेचन पुढे केले आहे.

कादंबरीमागील घटना

कादंबरीची प्रेरणा एका सत्य घटनेत आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकी राज्यातून पती व मुलांसह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटी येथे पळून आली. पाठलाग करणाऱ्यांनी घराला वेढा घातला, तेव्हा मुले पुन्हा गुलामगिरीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. पुढे जो खटला उभा राहिला त्यातील कायदेशीर पेच विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावा. तिच्यावर खुनाचा खटला चालावा, अशी गुलामगिरीविरोधकांची मागणी होती. वरवर पाहता ही मागणी क्रूर वाटते. परंतु खुनाचा आरोप केवळ माणसावरच ठेवता येतो, वस्तूवर नाही. म्हणजे तो आरोप मान्य होणे हे तिचे माणूसपण मान्य होणे ठरले असते. प्रत्यक्षात १८५०च्या पलायित गुलाम कायद्यानुसार तिला मालकाची मालमत्ता ठरवून परत पाठविण्यात आले. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, ती गुलामगिरीतच मरण पावली.

मॉरिसन एका प्रकाशनसंस्थेत संपादक असताना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची कागदपत्रे संकलित करणारे ‘द ब्लॅक बुक’ हे पुस्तक १९७४ साली निघाले. त्या कामात या घटनेचे जुने वृत्त त्यांच्या वाचनात आले. त्यांनी पुढील चरित्रसंशोधन मात्र मुद्दाम मर्यादित ठेवले आणि कादंबरीतील सेथ हे पात्र कल्पनेने घडविले. कागदपत्रांत मार्गारेटविषयी इतरांनी लिहिलेले पुष्कळ आहे. तिच्या अंतर्मनाचे काय, हा प्रश्न कागदपत्रे सोडवीत नाहीत. कादंबरीचे कार्य नेमके येथे सुरू होते.

कथानक थोडक्यात असे. सेथ ही ‘स्वीट होम’ नावाच्या शेतमळ्यावरील गुलाम स्त्री. १८५५ मध्ये ती तीन मुलांना पुढे पाठवून स्वतः गरोदर अवस्थेत पळते. वाटेत एमी डेन्व्हर या गोऱ्या मुलीच्या मदतीने ती एका मुलीला जन्म देते. तीच डेन्व्हर. सासू बेबी सग्ज हिच्या घरी तिला अठ्ठावीस दिवसांचे स्वातंत्र्य लाभते. त्यानंतर मळ्याचा नवा कारभारी तिला धरून न्यायला येतो आणि लाकडाच्या शेडमध्ये सेथ आपल्या मोठ्या मुलीचा जीव घेते. अठरा वर्षांनी, १८७३ मध्ये, जुना सोबती पॉल डी तिच्या दारी येतो आणि काही दिवसांत ‘बिलव्हेड’ असे नाव सांगणारी एक अनोळखी तरुणीही येते. ती मृत मुलगीच परत आलेली आहे, अशी घरातील माणसांची व वाचकाचीही खात्री होत जाते.

येथे मराठी वाचकाने एका योगायोगाची नोंद घ्यावी. कादंबरीचा वर्तमानकाळ १८७३ चा आहे आणि त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फुले यांनी तो ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला होता. म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरी व महाराष्ट्रातील शोषण यांचा एकत्र विचार करण्याची रीत आज नव्याने आलेली नाही. ती दीडशे वर्षांची आहे. पुढे १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ चळवळीवरून घेतले. ‘बिलव्हेड’ मराठी वर्गात आणताना ही परंपरा विद्यार्थ्यांसमोर असावी.

मातृत्व : कायदा व दूध

सेथचे कृत्य समजण्यासाठी गुलामगिरीच्या कायद्यात मातृत्वाला कोणते स्थान होते हे पाहावे लागते. १६६२ साली व्हर्जिनिया वसाहतीने असा कायदा केला की, अपत्याचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्लंडच्या रूढ कायद्यात तो बापावरून ठरत असे. या एका बदलाने गुलाम स्त्रीचे प्रत्येक मूल, बाप कोणीही असो, जन्मतःच मालकाची मालमत्ता ठरले. १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी आली, तेव्हा ही मालमत्ता वाढण्याचा प्रमुख मार्ग स्त्रीचे उदर हाच उरला. आईपण हे नाते न राहता उत्पादन झाले. बेबी सग्जला आठ मुले झाली आणि हॅले सोडून सारी तिच्यापासून तुटली. त्यांच्याविषयी तिला आठवते तेही फार थोडे. अशा व्यवस्थेत मुलावर जीव लावणे हेच धाडस होते.

कादंबरीतील दुधाची प्रतिमा या पार्श्वभूमीवर वाचावी. गरोदर सेथला कारभाऱ्याचे पुतणे धरतात व तिचे दूध बळजबरीने काढून घेतात. पुढे ती पाठीवरील चाबकाच्या वळांपेक्षा दूध हिरावले गेल्याचेच दुःख पुन्हा पुन्हा सांगते. पॉल डीला मारहाण मोठी वाटते, तिला दूध. शिक्षकाने हा संवाद वर्गात सावकाश वाचून दाखवावा, कारण जखम कोणती मोठी हे ज्याची जखम त्यानेच ठरवायचे असते, हे तत्त्व त्यात आहे. सेथलाही आपल्या आईचे दूध दोन-तीन आठवडेच मिळाले होते. तिला नॅन नावाच्या दुसऱ्या स्त्रीने पाजले, आणि नॅन जी आफ्रिकी भाषा बोलत असे ती सेथ पुढे विसरून गेली. दूध व भाषा दोन्ही एकदमच तुटले.

सेथने केले ते बरोबर की चूक, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्यावर हात वर करून कौल घेणे टाळावे. कादंबरीत बेबी सग्ज या कृत्याचे समर्थनही करू शकत नाही आणि त्याचा निषेधही करू शकत नाही. ती अंथरुणाला खिळते. पॉल डी निवाडा देतो आणि घर सोडून जातो. परत येतो तेव्हा निवाडा बाजूला ठेवून येतो. कादंबरी आईच्या स्वभावाचा प्रश्न पुसून टाकीत नाही, पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवते : अशा निवडीपर्यंत आईला कोणी आणले?

जव्हार–मोखाड्यात हा दुसरा प्रश्न पुस्तकी नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी सबंध राज्याचे लक्ष वेधले आणि ‘कुपोषण’ हा शब्द या परिसराच्या नावाला चिकटला. अशा चर्चेत मुलांची संख्या असते. आई बहुधा ‘अज्ञानी माता’ एवढ्या दोन शब्दांत उरते. तिला पोटापाण्यासाठी दिवाळीनंतर मूल काखेत घेऊन वीटभट्टीवर का जावे लागते, हा प्रश्न मागे पडतो. ‘बिलव्हेड’ वाचलेल्या विद्यार्थ्याला असा अहवाल वाचताना आईची जागा रिकामी असल्याचे जाणवले, तर कादंबरीच्या अध्यापनाने आपले काम केले असे म्हणता येईल.

स्मृतीची संकल्पना

कादंबरीतील निवेदन सरळ रेषेत चालत नाही. एकच घटना तुकड्यातुकड्यांनी, निरनिराळ्या पात्रांकडून, दर वेळी थोडी अधिक उघड होत जाते. शेडमधली घटना तर पुस्तकाचा पूर्वार्ध संपता संपता स्पष्ट होते. विद्यार्थ्यांना हे प्रथम त्रासदायक वाटते. त्यांना सांगावे की, ही लेखिकेची हौस नसून आशयाची गरज आहे. सोसलेल्या माणसाला सोसलेले क्रमाने सांगता येत नाही. पॉल डी आपले हृदय तंबाखूच्या डबीत बंद करून ठेवतो. सेथचा दिवस गतकाळाला मागे रेटण्यात जातो.

‘रिमेमरी’ हा मॉरिसन यांनी सेथच्या तोंडी घातलेला शब्द या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सेथच्या समजुतीप्रमाणे घडून गेलेली गोष्ट केवळ डोक्यात राहत नाही. ती त्या जागेवरही राहते, आणि जो तेथे जाईल त्याला, त्याने ती स्वतः अनुभवली नसली तरी, ती भेटू शकते. मराठीत ‘स्मृती’, ‘स्मरण’, ‘आठवण’, ‘आठव’ असे शब्द आहेत. यांपैकी कोणता शब्द जवळचा, की आणखी एखादा घडवावा लागेल, ही चर्चा वर्गात उद्बोधक ठरते. विद्यार्थ्यांना आपल्या घरच्या बोलीतील शब्द सुचविण्यास सांगावे. येथे विद्यार्थी शिक्षकापेक्षा अधिक जाणतो, आणि ते त्याला कळणे चांगले.

मृत मुलीच्या परत येण्याबद्दलही असेच म्हणता येते. समीक्षाग्रंथांत या भागासाठी ‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा वापरली जाते. ज्या गावपाड्यांत भगत आहे, पूर्वज सणासमारंभाला बोलावले जातात आणि बोहाड्यात मुखवटा चढविलेला माणूस देवाचे सोंग घेऊन नाचतो, तेथील विद्यार्थ्याला मृताच्या येण्याचे नवल वाटेलच असे नाही. तथापि यावरून आदिवासी विद्यार्थ्यांना भूतकथा सहज कळते असा सोपा निष्कर्ष काढू नये. त्यांनाही विचारावयाचा खरा प्रश्न हाच की, ही मुलगी मागते काय? ती खाऊ मागते, गोष्टी मागते आणि शेवटी आईचे सारे आयुष्य मागते. आठवण न पाळली तर घर पोकळ राहते आणि फक्त आठवणच पाळली तर ती घर खाऊन टाकते, अशी ही दुहेरी मांडणी आहे.

जव्हार–मोखाड्याचा इतिहास : साम्य व भेद

तुलनेसाठी स्थानिक इतिहासाची ठोस माहिती शिक्षकाजवळ हवी. स्वातंत्र्यापूर्वी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्याचा भाग होता आणि १९३५च्या कायद्याखाली डहाणू, शहापूर व उंबरगावसह त्याचा समावेश ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांत केला होता. अशा प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस अहवाल दिला. जमीनदारासाठी सक्तीने राबणे, नाममात्र मजुरी, मारहाण आणि कर्जातून येणारी बांधिलकी यांची नोंद त्यात आहे.

या बांधिलकीचा एक प्रकार म्हणजे ‘लग्नगडी’. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून थोडीशी रक्कम घेतलेला तरुण, आणि त्याच्यासोबत त्याची नवविवाहित पत्नी, कर्ज फिटेपर्यंत धन्याच्या घरी-शेतावर राबत. हिशेब धन्याच्या वहीत असल्यामुळे कर्ज फिटत नसे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ग्रंथात या प्रथेचे व तीत स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या अत्याचाराचे वर्णन आहे. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशी सर्व कर्जे रद्द ठरविली. १९८०च्या दशकापासून श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले.

अमेरिकन गुलामगिरीशी यांचे साम्य उघड आहे. परंतु भेद अधिक काळजीने शिकवावेत. पहिला भेद असा की, तेथे माणूस विकत घेतला जाई. येथे तो कर्जाने बांधला जाई. तेथे बंधन आईच्या उदरातून येई. येथे ते वहीतून व लग्नातून येई. दुसरा भेद भूमीचा. आफ्रिकेतून नेलेली माणसे जमीन, गोत व भाषा यांपासून तोडली गेली. येथील आदिवासी आपल्याच डोंगरात राहून जमिनीवरचा हक्क गमावून बसले. मात्र त्यांच्या बोली, लग्नातील धवलेरीची गाणी, कणसरीच्या कथा, तारपा टिकून राहिले. तिसरा भेद यातूनच निघतो. मॉरिसन यांना जी स्मृती कल्पनेने उभी करावी लागली ती येथे काही प्रमाणात अजून माणसांच्या मुखात आहे. म्हणूनच ती गोळा करण्याचा मोह शिक्षकाला होतो, आणि म्हणूनच ती हाताळताना जबाबदारी वाढते.

ही स्मृती केवळ जुन्या काळाचीही नाही. २०२१ साली मोखाडा तालुक्यातील एका आदिवासी मजुराच्या मृत्यूनंतर वेठबिगारीचा गुन्हा नोंदविला गेला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपोटी त्याला राबवून घेतले, अशी तक्रार असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. कादंबरीत सेथजवळ मृत मुलीच्या थडग्यावर अक्षरे कोरून घेण्यासाठी पैसे नसतात आणि ती कारागिराला आपल्या शरीराने मोल देते. म्हणून दगडावर एकच शब्द येतो. मृत अपत्याचा शेवटचा मान राखण्यासाठी गरिबाला स्वतःला गहाण टाकावे लागते, हे दोन्हीकडचे सत्य कोणाही वाचकाला अस्वस्थ करील. तरीही शिक्षकाने हे साम्य वर्गात उच्चारण्यापूर्वी दोनदा विचार करावा. तालुका लहान आहे. वृत्तपत्रातील बातमी ज्या घरची, त्या घरचे कोणी पुढच्या बाकावर असू शकते.

कादंबरीतील दोन वर्ग

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कादंबरीत अध्यापनाची दोन दृश्ये आहेत, आणि दोन्ही शिक्षकवाचकाने स्वतःला उद्देशून वाचावीत अशी आहेत.

पहिले दृश्य ‘स्वीट होम’वरील कारभाऱ्याचे. त्याला मॉरिसन यांनी नावच दिलेले नाही; तो ‘स्कूलटीचर’ एवढाच आहे. तो हळू बोलतो, गुलामांना प्रश्न विचारतो, उत्तरे वहीत लिहितो, दोरीने मापे घेतो. पुतण्यांना तो सेथची मानवी लक्षणे एका रकान्यात व पशूची लक्षणे दुसऱ्या रकान्यात लिहावयास सांगतो. हे सेथच्या कानी पडते आणि तिथेच तिला पळण्याचे कारण सापडते. पुढे आपली मुलगी कोणाच्याही कागदावर पशूच्या रकान्यात येऊ नये, हे तिच्या कृत्याचे एक कारण ठरते. तो ज्या शाईने लिहितो ती शाई सेथनेच बनविलेली असते, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. माहिती देणाऱ्याच्याच श्रमावर माहिती घेणाऱ्याची वही भरते.

दुसरे दृश्य लेडी जोन्सच्या घरातील वर्गाचे. ही शिक्षिका प्रेमळ आहे. कृष्णवर्णीय मुलांना ती आपल्या घरी अक्षरे शिकविते. डेन्व्हर तेथे आनंदाने जाते. एके दिवशी नेल्सन लॉर्ड हा हुशार मुलगा तिला तिच्या आईविषयी, त्या घटनेविषयी सहज प्रश्न विचारतो. त्यात दुष्टावा नसतो. पण त्या प्रश्नानंतर डेन्व्हर वर्गात येणे थांबविते, आणि घरी उत्तर विचारल्यावर ते ऐकू येऊ नये म्हणून दोन वर्षे तिला ऐकूच येईनासे होते.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की शिक्षकाला दोन इशारे मिळतात. पहिला : नोंद ठेवणाराची सभ्यता ही नोंद निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. दुसरा : वर्ग प्रेमळ असला तरी अवेळी विचारलेला एक प्रश्न विद्यार्थ्याला मुका-बहिरा करू शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पांना स्थान मिळाले आहे. ‘आपल्या आजी-आजोबांकडून वेठबिगारीच्या आठवणी लिहून आणा’ असा प्रकल्प गुणांसाठी देणे फार सोपे आहे. हेतू चांगला असेल, तरी अशा प्रकल्पात दुःख विद्यार्थ्याच्या घरचे, शाई त्याची, आणि वही मात्र महाविद्यालयाची होते.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, या भीतीने मौखिक इतिहास लिहिलाच गेला नाही तर त्या पिढीबरोबर तो नष्ट होईल. आक्षेप योग्य आहे. परंतु कादंबरीचे उत्तर मौनाचे नाही. डेन्व्हर अखेरीस अंगण ओलांडून बाहेर पडते आणि प्रथम लेडी जोन्सच्याच दारी जाते. ती घरचा इतिहास सांगावयास जात नाही. काम व अन्न मिळावे म्हणून जाते. त्यानंतर त्या अंगणात शेजारणींनी ठेवलेले अन्न येऊ लागते, त्यासोबत पाठविणाऱ्यांची नावे येतात, भांडी परत करण्याच्या निमित्ताने ओळखी होतात. पुढे डेन्व्हर गरजेपुरती हकिगत सांगते, तीही आपण होऊन. शेवटी तीस स्त्रिया घरासमोर एकत्र येतात. म्हणजे आधी आधार आला, मग शब्द आले. शिक्षकाने हा क्रम उलटा करू नये.

अध्यापनाची रूपरेषा

उपरोक्त विवेचनाच्या आधारे सुमारे दहा तासिकांची रूपरेषा पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

१) पहिल्या दोन तासिकांत मार्गारेट गार्नर खटला, १६६२ व १८५० चे कायदे आणि फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका यांचा परिचय द्यावा. फळ्यावर १८५५ ते १८७४ असा घटनाक्रम लिहून तो शेवटपर्यंत ठेवावा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना कादंबरीतील कालविपर्यासापुढे हा मोठा आधार होतो.

२) पुढील चार तासिकांत संपूर्ण कादंबरी वाचून दाखविण्याचा अट्टहास न धरता निवडक उतारे मूळ इंग्रजीतून सावकाश वाचावेत व मधला कथाभाग मराठीतून सांगावा. दुधाचा प्रसंग, स्कूलटीचरची वही, बेबी सग्जचे रानातील प्रवचन आणि डेन्व्हरचे अंगण ओलांडणे हे उतारे वगळू नयेत. हिंसेचे वर्णन असलेल्या उताऱ्याची पूर्वसूचना आदल्या तासिकेस द्यावी.

३) सातव्या व आठव्या तासिकेत सार्वजनिक दस्तऐवज घ्यावेत : सिमिंग्टन अहवालातील भाग, गोदावरी परुळेकर यांच्या ग्रंथातील लग्नगडीविषयक प्रकरण, १९७६ च्या कायद्यातील कर्जमुक्तीचे कलम. प्रत्येक दस्तऐवजास तीनच प्रश्न विचारावेत. लिहिणारा कोण? बोलणारा कोण? ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याचे नाव येते काय? अशा रीतीने तपासणी विद्यार्थ्याच्या घराची न होता कागदाची होते.

४) नवव्या तासिकेत साम्य व भेद यांची चर्चा करावी. भेद आधी, साम्य नंतर.

५) दहाव्या तासिकेत लेखन घ्यावे. विषय डेन्व्हरचा असावा : जिने गुलामगिरी पाहिली नाही, परंतु जिच्या घरात ती राहते, अशी मुलगी. विद्यार्थी स्वतः याच पिढीत आहेत. ते न सांगताही त्यांना कळते. कोणी आपण होऊन घरची आठवण लिहिली तर तिला गुण देऊ नयेत, ती वर्गात वाचू नये आणि मूळ कागद विद्यार्थ्यास परत करावा. ती जपावयाची असल्यास नाव, भाषा व प्रसिद्धी यांचा निर्णय सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा असावा.

निष्कर्ष

१) ‘बिलव्हेड’ गुलामगिरीचा अर्थ मातृत्वातून उलगडते, कारण त्या व्यवस्थेचा कायदाच मातृत्वावर उभा होता. हा कायदेशीर संदर्भ दिल्याशिवाय सेथच्या कृत्याची चर्चा केवळ नीतिकथेच्या पातळीवर राहते.

२) जव्हार–मोखाड्यातील वेठबिगारी व अमेरिकन गुलामगिरी यांची तुलना फुल्यांच्या परंपरेत बसणारी व आवश्यक आहे. मात्र दोहोंतील भेद न सांगता केलेली तुलना दोन्ही इतिहासांवर अन्याय करते.

३) १९७६ च्या कायद्याने कर्ज रद्द झाले, स्मृती कायद्याने रद्द होत नाही. ती कोणी, केव्हा, कोणाजवळ उघडावी याचा अधिकार ज्याची ती आहे त्याचाच राहतो.

४) वर्गात साहित्यकृती शिकविणारा शिक्षक हाही नोंद ठेवणारा असतो. स्कूलटीचरची वही आणि नेल्सन लॉर्डचा प्रश्न ही दोन्ही त्याच्यापुढील ताकीद समजावी. लेडी जोन्सचे दार हे त्याच्यापुढील कर्तव्य समजावे. विद्यार्थी बोलण्यापूर्वी त्याला तेथे उभे राहता आले पाहिजे, आणि न बोलताही परत जाता आले पाहिजे.